फाटे किती फोडावेत? संवादी माहितीपटांविषयी वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी बरीचशी संवादी माहितीपटांबद्दल आहेत. शिक्षक, ग्रंथालयात काम करणारे, संकलक आणि पहिल्यांदाच कॅमेरा हातात घेतलेले विद्यार्थी अशा सगळ्यांनी लिहिलं आहे. प्रेक्षकाच्या हातात बटण द्यायचं, पण ते नेमकं कुठे आणि कशासाठी, ही शंका बहुतेक पत्रांत आहे. जिथे उत्तर दोन ओळींत संपत नव्हतं, तिथे आम्ही हात आखडता घेतलेला नाही.

प्रश्न : पंधरा मिनिटांच्या माहितीपटात मध्येमध्ये प्रश्न टाकले, तर त्याला संवादी माहितीपट म्हणायचं का? की ती व्हिडिओवरची चाचणीच? (एक शिक्षिका)

ती चाचणीच, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. चांगल्या जागी विचारलेला प्रश्न शिकण्याला मोठा हातभार लावतो. पण संवादी माहितीपट ओळखायची खूण वेगळी आहे. प्रेक्षकाने काही केल्यामुळे पुढे काय दिसेल किंवा कोणत्या क्रमाने दिसेल हे बदलायला हवं, नाहीतर माहितीपटात त्याची स्वतःची काही भर पडायला हवी. प्रश्नाचं उत्तर बरोबर येवो की चूक, पुढचं दृश्य तेच असेल, तर तो सरळ रेषेतलाच माहितीपट आहे, फक्त थांबे घेत जाणारा.

ही कल्पना इंटरनेटहून जुनी आहे. १९६७ साली माँट्रिअलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात ‘किनोऑटोमॅट’ नावाचा प्रयोग झाला. चित्रपट मध्येच थांबे, सूत्रधार मंचावर येई आणि प्रेक्षक खुर्चीवरची लाल किंवा हिरवी कळ दाबून पुढचं दृश्य ठरवत. तो माहितीपट नव्हता, पण त्याची बांधणी आजही कामाची आहे; तिच्याकडे पुढे येऊच. १९७८ मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या ॲस्पेन गावाचे रस्ते गाडीवरच्या कॅमेऱ्यांनी दर दहा फुटांवर एक चित्र या हिशेबाने टिपले आणि ते लेझरडिस्कवर चढवले. पडद्याला बोट लावून कोणत्याही चौकात वळता येत होतं. खऱ्या जागेचं चित्रण हाती घ्यायचं आणि त्यातली वाट बघणाऱ्याने ठरवायची, ही या प्रकाराची मूळ कल्पना तिथे पुरती दिसते.

नवशिक्याने दोन नमुने समजून घ्यावेत. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डच्या ‘आउट माय विंडो’मध्ये (२०१०) १३ शहरांतल्या उंच इमारतींमधल्या माणसांच्या ४९ गोष्टी आहेत. प्रेक्षक घरात शिरतो, एखाद्या वस्तूवर बोट ठेवतो आणि त्या वस्तूची गोष्ट उघडते. ‘प्रिझन व्हॅली’ (२०१०) हा फ्रेंच-जर्मन वाहिनी ‘आर्ते’चा माहितीपट, कोलोरॅडोतल्या १३ तुरुंगांच्या एका गावावरचा. त्यात सुरुवातीचा प्रवास संपला की प्रेक्षक मोटेलची एक खोली घेतो, आणि पुढे दर वेळी त्याच खोलीत परततो. गोळा केलेले पुरावे आणि भेटलेली माणसं तिथेच सापडतात. आपण कुठे आहोत हे प्रेक्षकाला विचारावं लागत नाही, कारण त्याला त्याची खोली ओळखीची झालेली असते. मेनूची यादी समोर ठेवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

प्रश्न : यातून मुलं खरंच जास्त शिकतात, की नुसती रमतात?

बटण आहे म्हणून कोणी जास्त शिकत नाही. बटण कशावर आहे, यावर सगळं ठरतं. तीन गोष्टींना अभ्यासाचा आधार आहे, त्या आधी सांगतो.

पहिली गोष्ट तुकड्यांची. रिचर्ड मेयर आणि पॉल चँडलर या संशोधकांनी २००१ मध्ये वीज कशी पडते हे समजावणारं १४० सेकंदांचं ॲनिमेशन घेऊन १६ तुकड्यांत कापलं. तुकडा संपला की ‘पुढे’ हे बटण दिसे. सलग पाहणाऱ्यांपेक्षा तुकड्यांनी पाहणाऱ्यांना ते ज्ञान नव्या प्रश्नात वापरणं जास्त जमलं. इथे वाट निवडायची नव्हती, वेग तेवढा हातात होता. म्हणून तुमच्याकडे वेळ कमी असेल तर फाटे विसरा. नीट जागी कापलेले तुकडे आणि ‘पुढे’ एवढ्यावरही बरंच साधतं.

दुसरी गोष्ट आठवून पाहण्याची. स्मरणशक्तीचे अभ्यासक रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, तर आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. तास संपता संपता घेतलेल्या चाचणीवरून माहितीपट पास-नापास करू नका, असं आम्ही सांगतो ते याच कारणाने.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. विषय अगदी नवा असलेल्याला मोकळं सोडलं तर तो भरकटतो. काय महत्त्वाचं हेच त्याला अजून माहीत नसतं. जाणकाराला मात्र तोच मोकळेपणा हवा असतो, त्याला बोट धरून नेलं की त्रास होतो. त्यामुळे सुरुवात अरुंद ठेवावी आणि माहिती वाढेल तशा वाटा वाढवाव्यात.

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते पाहू. विषय घ्या मधमाशीच्या नाचाचा. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी त्याचा उलगडा केला आणि १९७३ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. अंधाऱ्या पोळ्याच्या उभ्या भिंतीवर माशी पोट थरथरवत सरळ चालते, मग वळसा घालून मूळ जागी येते, पुन्हा तेच. सरळ वर चालली तर अन्न सूर्याच्या दिशेला. उभ्या रेषेशी जेवढा कोन, तेवढाच सूर्याच्या दिशेशी. थरथर जितकी लांबते तितकं अन्न दूर.

नेहमीच्या माहितीपटात निवेदक हे सगळं सांगून मोकळा होतो. इथे असं करा. नियम सांगून झाला की ९० सेकंदांच्या आसपास नाचाचं एक दृश्य दाखवा: माशी उभ्या रेषेच्या डावीकडे काटकोनात, म्हणजे पडद्यावर आडवी डावीकडे, थरथरत जाते आहे. नाच निदान तीन वेळा दिसू द्या, एकदा पाहून कोन कळत नाही. मग चित्र गोठवा आणि शेजारी साधा नकाशा आणा: मधोमध पोळं, सूर्य दक्षिणेला. प्रश्न असा की माशा कुठे उडतील? पर्याय तीन: पूर्व, पश्चिम, दक्षिण.

उत्तर पूर्व. दक्षिणेला तोंड करून उभं राहिलं की डावा हात पूर्वेला येतो. पण खरं काम चुकीच्या पर्यायांनी करायचं आहे. पश्चिम निवडणाऱ्याने बहुधा पोळ्यालाच नकाशा मानलं: वर म्हणजे उत्तर, डावीकडे म्हणजे पश्चिम. दक्षिण निवडणाऱ्याला वाटतं की नाच नेहमी सूर्याकडेच बोट दाखवतो. दोघांचा गैरसमज वेगळा, म्हणून दोघांसाठी २० सेकंदांच्या दोन वेगळ्या क्लिप लागतात. पहिल्यात पोळं फिरवून ‘वर’ची जागा सूर्याशी जुळवून दाखवायची. दुसऱ्यात सरळ वर जाणारा नाच आणि आडवा नाच शेजारी-शेजारी ठेवायचे. मग दोघांना त्याच प्रश्नावर परत आणायचं, पण आता सूर्य पश्चिमेला सरकवून. (तेव्हा उत्तर दक्षिण. स्वतः करून पाहा.)

‘चूक! पुन्हा प्रयत्न करा’ एवढंच लिहिणारा पडदा मुलाला काहीच शिकवत नाही; ते उरलेला पर्याय दाबून पुढे जातं. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे कोणता समज आहे हे एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर तो पर्याय काढून टाकावा.

रंजक पण विषयाशी न जुळणारी भर शिकण्याला मारक ठरते, हेही ध्यानात असू द्या. नाच समजावताना कोपऱ्यात मधाच्या पोषणमूल्यांचं फिरतं चिन्ह कशाला हवं? ते दाबलं जातं आणि कोन विसरला जातो.

प्रश्न : आमच्या गटाने पाच ठिकाणी दोन-दोन पर्याय ठेवायचं ठरवलं आहे. चित्रीकरण किती करावं लागेल?

फाटे एकदा फुटले की परत जुळणारच नसतील तर हिशेब घाबरवणारा आहे. सुरुवातीचा १ तुकडा, मग २, ४, ८, १६ आणि ३२. एकूण ६३ तुकडे. प्रत्येकी एक मिनिट धरलं तरी ६३ मिनिटांचं पक्कं संकलन तुम्ही करणार आणि एका प्रेक्षकाला त्यातली ६ मिनिटं दिसणार. बहुतेक गट तिसऱ्या पातळीवर थकतात, आणि मग शेवटच्या फाट्यांतल्या क्लिप ओढूनताणून केलेल्या दिसतात.

त्यापेक्षा फाटा फोडा आणि लगेच जोडा. प्रत्येक निवडीनंतर दोन वेगळ्या क्लिप, मग दोन्ही वाटांना सामाईक एक क्लिप. पाच निवडींना सुरुवातीची १, फाट्यांच्या १० आणि सामाईक ५, अशा १६ क्लिप लागतात. प्रेक्षकाला त्यातल्या ११ दिसतात. किनोऑटोमॅटची बांधणी हीच होती. दोन्ही वाटा पुढच्या मतदानाआधी एकत्र येत. यात एक धोका आहे: ‘काहीही निवडा, सगळं सारखंच’ असं प्रेक्षकाला कळलं की तो निवडणं सोडून देतो. त्यावर उपाय म्हणजे निवडीची आठवण ठेवणं. सामाईक क्लिपच्या आधी चार सेकंदांची एक ओळ, ‘तुम्ही आधी शेतकऱ्याचं ऐकलंत, आता अधिकाऱ्याची बाजू’, किंवा शेवटी न पाहिलेल्या वाटांची यादी. एवढ्यानेही निवड खरी वाटते.

तिसरी बांधणी खोलीची, ‘प्रिझन व्हॅली’सारखी. मधली एक जागा आणि भोवती सहा क्लिप, कोणत्याही क्रमाने. सहा क्लिपचे क्रम ७२० होतात. म्हणून इथे प्रत्येक क्लिप स्वतःच्या पायावर उभी हवी. ‘मघाशी पाहिल्याप्रमाणे’ हे शब्द निवेदनातून सरसकट काढा. समारोपाची वेगळी क्लिप मात्र बंद ठेवा आणि सहांपैकी चार पाहिल्यावरच उघडा. नाहीतर निम्मे लोक थेट शेवटावर जातात आणि ‘कळलं नाही’ म्हणतात. पहिलाच प्रकल्प असेल तर आमचा कौल या तिसऱ्या बांधणीला.

कॅमेरा काढण्याआधी कागदावर करा. प्रत्येक क्लिपसाठी एक पत्ता (म्हणजे कार्ड): वर क्रमांक आणि लांबी, त्याखाली ‘इथे येणाऱ्याला काय माहीत असतं’, ‘इथून जाताना काय नवं कळतं’ आणि ‘इथून कुठे जाता येतं’. पत्ते टेबलावर मांडून विषय न जाणणाऱ्या कुणाला तरी वाट निवडू द्या आणि तुम्ही फक्त पत्ते वाचा. ‘काय नवं कळतं’ ही जागा रिकामी राहिलेला पत्ता फाडून टाकायचा. मग तीच मांडणी ट्वाइन या मोफत साधनात टाइप करा. तुटलेले दुवे आणि कुठूनच न पोचता येणाऱ्या क्लिप तिथे लगेच डोळ्यांत भरतात. एवढं झाल्याशिवाय चित्रीकरणाची तारीख ठरवू नये.

प्रश्न : कोडिंग येत नाही. कोणतं साधन घेऊ?

शिक्षणासाठी असेल तर एच-फाइव्ह-पी. ते मोफत आहे, आणि मूडल (ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायची प्रणाली) किंवा वर्डप्रेस, ड्रुपल (संकेतस्थळं बांधायची साधनं) यांच्यात बसतं. त्यातल्या दोन प्रकारांत लोकांचा गोंधळ होतो. ‘इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ’मध्ये एकच व्हिडिओ असतो आणि त्याच्या टाइमलाइनवर प्रश्न, दुवे, चित्रं बसवायची. उत्तर चुकलं तर व्हिडिओ ठरावीक सेकंदावर परत नेता येतो, पण कोणता पर्याय चुकीचा निवडला यावर वेगळी वाट मिळत नाही. मधमाशीच्या उदाहरणासारखी तीन पर्यायांना तीन क्लिप अशी रचना हवी असेल तर ‘ब्रँचिंग सिनॅरिओ’ घ्या.

पायऱ्या अशा. क्लिप आधी वेगवेगळ्या निर्यात करा आणि फाइलला पत्त्यावरचाच क्रमांक द्या: ‘०७-सूर्य-पश्चिम’. ‘अंतिम-नवीन-२’ असली नावं दिलीत की दहाव्या क्लिपला चुकीची फाइल जोडली जाणार, हे ठरलेलं. मग पहिली क्लिप टाका, तिच्याखाली प्रश्नाची चौकट, प्रत्येक पर्यायाला त्याची क्लिप. परत जोडायच्या वाटेला नवी क्लिप न टाकता आधीच्या चौकटीवर उडी द्या. प्रत्येक वाट एकदा शेवटपर्यंत चालून पाहा आणि पत्त्यावर खूण करा. फक्त बरोबर उत्तरांची वाट तपासून प्रकाशित करणं ही सर्रास होणारी चूक आहे.

फाटे तुम्ही ठरवायचे नसतील, सामग्रीतूनच नाती उमटावीत असं वाटत असेल, तर फ्लोरियान थालहोफर यांनी २००० च्या सुमारास घडवलेलं कोर्साकोव पाहा. त्यात क्लिपला ‘आत’चे आणि ‘बाहेर’चे शब्द देतात, एका क्लिपचा बाहेरचा शब्द दुसरीच्या आतल्या शब्दाशी जुळला की ती पुढे सुचवली जाते. एखादी क्लिप किती वेळा दिसावी याला ‘आयुष्य’ देता येतं. निबंधासारख्या, आठवणींच्या माहितीपटाला हे शोभतं. पायरीपायरीने शिकवायच्या विषयाला नाही.

प्रश्न : संकलन करताना क्लिप जोडल्यावर आवाज दर वेळी ‘तुटतो’. चित्रीकरणातच काही वेगळं करायला हवं का?

हो. सरळ माहितीपटात एका दृश्याचा आवाज पुढच्यावर लांबवून सांधा झाकतात. इथे पुढचं दृश्य कोणतं हेच ठाऊक नसतं, म्हणून ती युक्ती चालत नाही. उलट प्रत्येक क्लिपला स्वतःचं तोंड आणि स्वतःची शेपूट हवी.

प्रत्येक जागी कुणीही न बोलता निदान ६० सेकंद नुसता तिथला आवाज ध्वनिमुद्रित करा. मुलाखतीतलं प्रत्येक उत्तर संपल्यावर कॅमेरा १० सेकंद चालू ठेवा. त्यातलेच दोन-तीन सेकंद क्लिपच्या टोकांना लागतात. क्लिपच्या सुरुवातीला अर्ध्या सेकंदात आवाज चढवा, शेवटी एका सेकंदात उतरवा. सगळ्या क्लिपची ध्वनिपातळी एकाच मापावर आणा, ऑनलाइनसाठी उणे १६ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो याचं एकक) ठीक. हे राहिलं तर प्रेक्षक एका क्लिपला आवाज वाढवतो आणि पुढच्या क्लिपला दचकतो. निवडीच्या पडद्यासाठी तिपायावरून १५ सेकंदांचं स्थिर दृश्य वेगळं घ्या, ज्यात कोणी फ्रेममध्ये येत-जात नाही; ते चक्राकार फिरवलं तरी जोड कळत नाही. निवडीच्या वेळी त्या जागेचा नुसता आवाज मागे चालू राहिला की पडदा अडकल्यासारखा वाटत नाही.

मुलाखतकाराचा प्रश्न क्लिपमध्ये नसतो. म्हणून बोलणाऱ्याला प्रश्नाचा विषय उत्तरात घ्यायला सांगा: ‘हो, तेव्हाच’ हे नको, ‘धरण बांधलं तेव्हाच पाणी खारं झालं’ हे हवं. नाव आणि ओळख प्रत्येक क्लिपवर पुन्हा द्या. प्रेक्षकाने आधीची पाहिलीच असेल असं धरता येत नाही.

प्रश्न : संमतीपत्र नेहमीचंच चालेल ना?

चालणार नाही. नेहमीच्या माहितीपटात माणसाचं बोलणं एका ठरलेल्या क्रमात बसतं आणि तो क्रम त्याला दाखवता येतो. इथे त्याची क्लिप त्याच्या विरोधकाच्या क्लिपनंतर लगेच येऊ शकते, किंवा एकटीच पाहिली जाऊ शकते. संमती घेताना हे तोंडी समजावून सांगा, पत्त्यांची मांडणी दाखवा, आणि ‘तुमचं बोलणं कोणत्याही क्रमाने, सुटंही दिसेल’ हे वाक्य पत्रात लिहा. प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया खाली उमटणार असतील तर तेही लिहा. आणि मागणी आली तर एक क्लिप काढूनही रचना उभी राहील अशी बांधणी ठेवा. हे प्रेमाखातर सांगतो आहोत असं नाही, त्या माणसाचा तो हक्क आहे.

प्रश्न : संगणकावर सगळं चालतं. फोनवर मात्र व्हिडिओ सुरूच होत नाही, किंवा पूर्ण पडदा व्यापतो आणि बटणं गायब होतात.

दोन वेगळी दुखणी आहेत. ब्राउझर आवाजासह आपोआप सुरू होणारा व्हिडिओ अडवतात. प्रेक्षकाने काहीतरी दाबल्याशिवाय आवाज येऊ देत नाहीत. म्हणून सुरुवातीला ‘आवाजासह सुरू करा’ असं मोठं बटण ठेवा. पुढच्या क्लिप त्याच प्लेअरमध्ये बदला, दर वेळी नवा प्लेअर उघडू नका. दुसरं दुखणं आयफोनचं: व्हिडिओ टॅगला ‘प्लेज-इनलाइन’ (playsinline) हा गुणधर्म दिला नाही तर व्हिडिओ थेट पूर्ण पडद्यावर जातो आणि तुमची बटणं त्याच्यामागे राहतात.

क्लिप उशिरा सुरू होत असतील तर फाइल तपासा. एच-२६४ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत), ७२० रेषा आणि सेकंदाला २ मेगाबिट पुरतात. मिनिटाला साधारण १५ मेगाबाइट होतात. निर्यात करताना ‘फास्ट स्टार्ट’ निवडा, नाहीतर फाइलची अनुक्रमणिका शेवटी जाते आणि ब्राउझरला ती शोधत बसावं लागतं. निवडीचा पडदा दिसत असतानाच दोन्ही पुढच्या क्लिपची पहिली काही सेकंदं मागवून ठेवा. बटणं निदान ४४ पिक्सेल उंच असावीत, अक्षर आणि पार्श्वभूमीत ४.५ ला १ इतका तरी फरक असावा, आणि प्रत्येक क्लिपला सबटायटल हवीच. कितीतरी लोक आवाज बंद ठेवूनच पाहतात, आणि काहींना ऐकूच येत नाही.

प्रश्न : आमचे निम्मे प्रेक्षक पहिल्याच निवडीपाशी सोडून जातात. कुठे चुकतं आहे?

बहुधा निवड फार लवकर आली आहे. अजून काही पाहिलंच नाही अशा माणसाला ‘रमेश, सविता की जोसेफ?’ विचारलं तर तो कशावरून ठरवणार? त्याच्या मनात आधी प्रश्न उभा राहायला हवा आणि त्यानंतर बटण यायला हवं. आमच्या मते पहिली निवड ४० ते ९० सेकंदांच्या दरम्यान असावी. त्याआधी उत्सुकता नसते. दोन मिनिटांच्या पुढे गेलं की प्रेक्षक रेलून बसलेला असतो, हात माऊसवर नसतो.

मग बटणावरचे शब्द पाहा. ‘अधिक जाणून घ्या’, ‘पुढील भाग’, ‘सविता’ यांनी काहीच कळत नाही. ‘पाणी खारं का झालं?’ आणि ‘गाव सोडून कोण गेलं?’ यांतून निवडता येतं, कारण दोन्ही खरे प्रश्न आहेत. पर्याय दोन किंवा तीन. पाच झाले की लोक वाचत नाहीत. राहिलेलं नंतर पाहता येईल, हे तिथेच लिहा. काहीतरी कायमचं हुकेल या भीतीने माणसं थबकतात.

उलटी मोजणी लावून घाई करू नका. वाचायला वेळ लागणारे आणि कळफलकाने चालवणारे त्यात मागे पडतात. २० सेकंद काहीच झालं नाही तर एक बटण हलकेच उजळू द्या, एवढं पुरतं. निवडच नको असणाऱ्या प्रेक्षकाचाही मान ठेवा. कॅनडाच्याच ‘बेअर ७१’मध्ये (२०१२) अस्वलाचं निवेदन सुमारे २० मिनिटं सलग चालतं, आणि प्रेक्षक तेवढ्या वेळात बॅन्फच्या जंगलाच्या नकाशावर हवं तिथे हिंडतो. काहीच दाबलं नाही तरी गोष्ट थांबत नाही.

हे सगळं पाच जणांवर तपासा, एकेकट्यावर. शेजारी बसा, मदत करू नका, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा. ‘आता काय करायचं?’ हे वाक्य जिथे ऐकू येईल तो सेकंद टिपून ठेवा. तिघांनी एकाच जागी म्हटलं तर पुढची चाचणी थांबवून ती जागा आधी दुरुस्त करा.

प्रश्न : वर्गात एकच पडदा आहे, मुलं चाळीस. मग संवादी कसं करायचं?

लाल आणि हिरवी कार्डं वाटा. निवड आली की आधी शेजाऱ्याशी एक मिनिट बोलायचं, मग सगळ्यांनी एकदम कार्ड वर. बहुमताच्या वाटेने जायच्या आधी अल्पमतातल्या एकाला कारण विचारा. नंतर नाकारलेली वाटही दाखवा. बारा मिनिटांच्या माहितीपटाला पूर्ण तास लागतो. तेवढा राखून ठेवा. एकेकट्याने फोनवर पाहण्यापेक्षा पुष्कळदा हे अधिक रंगतं, कारण निवडीचं कारण बोलून दाखवावं लागतं.

प्रश्न : लोक किती गुंतले हे मोजायचं कसं? संस्थेला आकडे हवे आहेत.

चार घटना नोंदवा: क्लिप सुरू झाली, निवड दिसली, निवड केली, क्लिप संपली. एवढ्यातून बरंच कळतं. निवड दिसल्यापासून एका सेकंदाच्या आत बटण दाबलं जात असेल तर शब्द वाचलेच गेले नाहीत. दहातले नऊ जण पहिलाच पर्याय घेत असतील तर पर्यायांची जागा अदलून बघा. बदललेल्या जागेनुसार कल बदलला तर तो आवडीचा नव्हे, जागेचा परिणाम आहे. शेवटच्या दहा सेकंदांत क्लिप सोडणं ही गळती मानू नका, तिथे माणसाला ‘संपलं’ हे कळलेलं असतं.

पडद्यावर घालवलेला वेळ म्हणजे गुंतणं, असं अहवालात लिहू नका. वाट हरवलेला माणूसही खूप वेळ घालवतो. शिकणं मोजायचं तर पाहण्याआधी तीन प्रश्न आणि आठवड्याने तेच तीन नव्या उदाहरणावर. मूडलमधल्या एच-फाइव्ह-पीत गुण गुणपुस्तकात जातात. वाटांची नोंद हवी असेल तर एक्सएपीआयच्या (शिकणाऱ्याची प्रत्येक कृती नोंदवायच्या प्रमाणित पद्धतीच्या) नोंदी साठवायची सोय वेगळी करावी लागते. मुलांची नावं त्यात नकोत, क्रमांक पुरे.

प्रश्न : दहा वर्षांपूर्वीचे काही गाजलेले संवादी माहितीपट आता उघडतच नाहीत. आमचं काम टिकावं म्हणून काय करू?

त्यातले पुष्कळसे फ्लॅश या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जुन्या तंत्रात बांधलेले होते. ॲडोबीने फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तो प्लेअर फ्लॅशची सामग्री चालवेनासा झाला. यूट्यूबवर व्हिडिओतल्या टिपांवर क्लिक करून वाट निवडायचे खेळ लोकांनी खपून बांधले होते. त्या टिपा १५ जानेवारी २०१९ ला काढून टाकल्या गेल्या. व्हिडिओ राहिले, वाटा गेल्या. ‘बेअर ७१’ टिकला, कारण २०१७ मध्ये तो वेबच्या नव्या तंत्रात पुन्हा बांधला गेला. तेवढं बळ प्रत्येकाकडे नसतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून तीन गोष्टी साधनाबाहेर ठेवा. मूळ दर्जाच्या सुट्या क्लिप आणि त्यांची सबटायटल. पत्त्यांची सगळी माहिती एका साध्या तक्त्यात: क्रमांक, फाइल, बटणावरचे शब्द, कुठून कुठे. आणि कुणी तरी प्रत्यक्ष चालवत असतानाचं पडद्याचं एक पूर्ण चित्रमुद्रण, निवडीच्या पडद्यांसकट. प्रकाशित झाल्यावर वेबरेकॉर्डरच्या साधनांनी संपूर्ण पानाची प्रत घ्या, पण नोंद चालू असताना प्रत्येक वाट स्वतः दाबत जा. जी क्लिप उघडली नाही ती प्रतीत येत नाही. प्रत घेतल्यावर इंटरनेट बंद करून ती एकदा चालवून पाहा. एखादी क्लिप अडली तर ती वाट त्याच दिवशी पुन्हा नोंदवा.